नंबर एकची जागा

१

एकच काम हातानं दहा वेळा करणारा माणूस प्रफुल्ल ताकसांडेला बघवत नसे. नव्या कॉम्प्युटरच्या पेट्या आल्या की बाकीचे लोक सीडी घेऊन बसतात. एका मशीनमध्ये सीडी घालायची, ती विचारेल त्याला उत्तर द्यायचं, भाषा कोणती, घड्याळ कुठलं, डिस्कचे तुकडे किती, मग चहा प्यायचा, मग दुसरी मशीन. म्हणजे एकेका पोराला मांडीवर घेऊन घास भरवायचा. प्रफुल्ल पंगत मांडायचा. मधोमध एक सर्व्हर, त्याच्यावर सगळ्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, आणि भोवती केबलींनी जोडलेल्या कोऱ्या मशिनी. बटण दाबलं की कोरी मशीन वायरवर पहिला प्रश्न टाकते, मी कोण? सर्व्हर सांगतो, तू अमुक नंबरची, हे तुझं नाव, ही तुझी सिस्टीम, जेव. एकदा वाढप सुरू झालं की प्रफुल्ल खुर्चीवर पाय घेऊन सुपारी कातरत बसायचा. त्याला आळशी म्हणणारे लोक वणीत पुष्कळ होते, आणि तो ते नाकारत नसे.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर हा गडी कळंबच्या बाहेरच्या जुन्या कापूस संकलन केंद्रावर येऊन पडला. भाव पडले, माल व्यापाऱ्यांच्या दारी वळला, अर्ध्या शिवारात सोयाबीन आलं, तेव्हापासून केंद्राला कुलूप होतं. आता एका संस्थेनं ते उघडायचं घेतलं होतं आणि सचिव घनश्यामजींच्या डोक्यात नवी कल्पना आली होती. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, लाइन बंद. कास्तकारानं यायचं, खिडकीवरून टोकन घ्यायचं, घरी जायचं, नंबर आला की माल आणायचा. त्यासाठी सहा खिडक्या आणि सहा मशिनी. सोमवारी उद्घाटन.

"सोमवारी सहाही खिडक्या चालल्या पाहिजेत," घनश्यामजी फोनवर म्हणाले होते. "चालल्या तर तुमची कायमची ऑर्डर मी त्याच दिवशी हातात देतो. क्वार्टरसकट."

प्रफुल्लला ऑर्डरपेक्षा क्वार्टर हवं होतं. वणीत खाणीतल्या ट्रकांनी कोळशाची भुकटी घराघरात पोचवली होती. सकाळी पुसलेला पाट दुपारी काळा व्हायचा. त्याची सहा वर्षांची मैत्रेयी रात्री उशाशी बसून श्वास ओढायची, जसं कोणी कोरड्या विहिरीतून दोर ओढतंय. डॉक्टरनं औषधं बदलून पाहिली आणि शेवटी सांगितलं, औषध नका बदलू, हवा बदला. कळंबची हवा स्वच्छ होती. सोमवार म्हणजे ती हवा होती.

केंद्राची रचना सोपी. बाहेर टिनाचं शेड. शेडातून काट्याची खोली, तिथं मोठा जुना वजनकाटा, माणूस वर चढला तर खट् करून दांडी उचलणारा. काट्याच्या खोलीतून एक दगडी उंबरा ओलांडला की आतला हॉल. मशिनी तिथं, समोरच्या भिंतीला ओळीनं, पडदे दाराकडे करून.

उंबऱ्याच्या कोपऱ्यात डोक्याएवढा एक काळा धोंडा होता. केबलची पट्टी त्याच जागेवरून न्यायची होती. प्रफुल्लनं तो उचलला आणि शेडात नेऊन टाकला.

"सर, धोंडा उचलला तुम्ही," मागून उकंडा म्हणाला.

उकंडा केंद्राचा चौकीदार. पूर्वी इथंच हमाल होता. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. टिपेश्वरच्या वाघाला आपण एकदा बिडी मागितली आणि त्यानं ती दिली, हे तो शपथेवर सांगायचा.

"उचलला. मंग?"

"मंग काई नाही. आता नंबर तुमच्यावर आला." उकंडा तंबाखू मळत हसला. "सीझनले बंड्याईची लाइन इथून डांबरी रोडपर्यंत राहे. मानूस काय दिवसभर उभा राहीन? चहाले गेला, झाडाखाली आंग टाकाले गेला, तर जागेवर काईतरी ठेवून जाय. धोंडा, चप्पल, दुपट्टा, जे असन ते. कोनी हात नाही लावे. अन् लावला कोनी, तर मालक येईपर्यंत त्यानं तिथं उभं राहाचं. असा कायदा."

"या धोंड्याचा मालक कोण?"

"थो मले काय माहीत जी. आला नाही ना अजून."

प्रफुल्लही हसला. त्याच्या बापानं आयुष्यात घराला लिंबू-मिरची टांगू दिली नव्हती.

२

शुक्रवारी दुपारी त्यानं पंगत मांडली. सर्व्हरच्या फाइलीत लिहिलं होतं की जी मशीन आधी विचारेल तिला नंबर एक, मागून विचारेल तिला दोन, असं ओळीनं. दाराजवळच्या मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, मशीननं विचारलं, मी कोण? सर्व्हरनं उत्तर दिलं.

खिडकी दोन.

प्रफुल्लनं सुपारी गालात सरकवली. चाचणीच्या वेळी एक नंबर कुठं तरी वापरला गेला असेल, सर्व्हर तो धरून बसला असेल. होतं असं. त्यानं सर्व्हरची सगळी आठवण पुसली, पहिल्यापासून चालू केला, मशीनचं बटण पुन्हा दाबलं.

खिडकी दोन.

मग त्यानं शहाण्या माणसासारखं पाहिलं, एक नंबर कोणाकडे आहे. सर्व्हरवर साधी नोंद होती. कोणीतरी वायरवर विचारलं होतं, मी कोण. सर्व्हरनं सांगितलं होतं, तू एक. सिस्टीम देऊ केली होती. ती अजून घेतली नव्हती. त्यापुढे सर्व्हर अशा वेळी लिहितो तो एकच शब्द: प्रतीक्षेत.

हॉलमध्ये सहा मशिनी होत्या. पाच बंद, एक चालू. त्यानं त्या बोट लावून मोजल्या, मग उगाच पुन्हा मोजल्या, पहिल्या मोजणीवर विश्वास नसल्यासारख्या. मग सगळ्या केबली जिथं जुळतात त्या स्विचच्या डबीकडे पाहिलं. सर्व्हरचा दिवा सोडून तिच्यावर आणखी दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. एक दाराजवळच्या मशीनचा. दुसऱ्याची केबल जमिनीवरून, त्यानंच बसवलेल्या पट्टीतून, उंबऱ्यावरून काट्याच्या खोलीत गेली होती. पुढे कधी काट्यालाही कॉम्प्युटर लागेल म्हणून त्यानं ती सोडून ठेवली होती. तिला काहीच जोडलेलं नव्हतं.

काट्याच्या खोलीत ऊन तिरपं पडलं होतं. केबलचं टोक काट्याच्या पायाशी, जसं ठेवलं तसं, मोकळं पडलेलं. त्यानं ते उचललं. प्लगच्या दातांत कापसाचा पुंजका अडकला होता. पांढराशुभ्र, जरा उबदार, सरकीचा ओला वास असलेला.

या खोलीत कापूस येऊन कैक वर्षं झाली होती.

उंदीर, प्रफुल्ल स्वतःला म्हणाला. उंदीर कुठून कुठून ओढून आणतात. आणि दिव्याचं काय, दिवा तर सडक्या प्लगमुळंही लागतो. त्यानं आत जाऊन स्विचमधून ती केबल उपटली. दिवा विझला.

त्याच क्षणी काट्याच्या खोलीत खट् झालं.

तो उंबऱ्याकडे गेला. दांडी वर उचललेली होती आणि हलके हलके हलत होती. काट्यावर कोणी नव्हतं.

दाराजवळच्या मशीननं मागं पुन्हा विचारलं. खिडकी दोन.

३

माणसाचं डोकं मोठं मजेशीर असतं. भूत म्हटलं की ते हसतं, पण सर्व्हर ऐकत नाही म्हटलं की त्याला झोप येत नाही. शनिवारी सकाळपासून प्रफुल्ल हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. बसला की उठावंसं वाटे, उठला की बसावंसं. सुपारी कातरून कातरून तिचा भुगा झाला होता. सहा मशिनींना दोन ते सात नंबर देऊन काम भागलं असतं, पण खिडक्यांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या आणि टोकनचा सगळा हिशोब एकपासून सुरू होत होता. एक नंबरनं हालचाल केल्याशिवाय दोनला टोकन सुटत नव्हतं. लाइन ती लाइन.

"उकंडाकाका, खरं सांगा," तो शेवटी म्हणाला. "तो धोंडा कोणाचा होता?"

उकंडा शेडात बिडी ओढत होता. "एका पाटलाचा होता. दारू प्याले गेला अन् सासऱ्याच्या घरीच राह्यला."

"काल म्हणले माहीत नाही."

"काल नव्हतं माहीत." त्यानं धूर सोडला. "नाहीतर असं समजा, माह्याच बुढ्याचा होता. नाहीतर कोनाचाच नव्हता, दार आपटू नाही म्हनून ठेवला असन. तुम्हाले कोनतं पाहिजे?"

"काका, मले सोमवारी ऑर्डर पाहिजे."

"मंग कायले विचारता? जे चालते थे चालवा."

प्रफुल्लनं चालवलं. सर्व्हरच्या फाइलीत त्यानं हातानं लिहिलं की नंबर एक राखीव, तो माझ्या लॅपटॉपला, दुसऱ्या कोणालाही नाही. लॅपटॉप उंबऱ्याच्या आतल्या बाजूला स्टुलावर मांडला आणि जोडला. एक घेऊन बसलेला कोण आहे ते मला माहीत नाही, पण आता तिथं मी आहे, असं त्यानं मनात म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं.

काट्याच्या खोलीत खट् झालं. या वेळी आवाज उलटा होता. कोणी काट्यावरून उतरल्यावर दांडी खाली येते, तसा.

आणि पंगत सुरू झाली. लॅपटॉप एक. दाराजवळची दोन. तिच्या शेजारची तीन. एकीमागून एक मशिनी विचारत गेल्या, सर्व्हर वाढत गेला. लॅपटॉपचा नंबर नंतर पहिल्या खिडकीकडे वळता करून पाट्या जुळवता येणार होत्या, तेवढं डोकं त्याला होतं. सहा पंखे घूं करत होते. पडद्यांवर निळ्या पट्ट्या भरत चालल्या होत्या. प्रफुल्लनं खुर्चीवर पाय घेतले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

४

सूर्य शेडाच्या पत्र्याला टेकला तेव्हा वणीहून बायकोचा, शीलाचा फोन आला.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मैत्रेयीले दवाखान्यात आणलं. मशीनचा मास्क लावला हाय तोंडाले."

"बोलून राह्यली काय?"

"बोलून नाही राह्यली. डोयानं तुम्हाले शोधते." शीला रडत नव्हती, म्हणजे फार घाबरली होती. "अहो, येता ना?"

"निघालोच."

त्यानं पिशवी उचलली आणि उंबरा ओलांडला.

मागं सगळं एकदम थांबलं. सहाच्या सहा पंखे. ती घूं इतकी सवयीची झाली होती की ती गेल्यावर कान दुखले.

लाइट गेली, त्याला वाटलं. पण काट्याच्या खोलीतला बल्ब चालू होता. तो परत आत आला. पंखे फिरले, पडदे उजळले, निळ्या पट्ट्या जिथं होत्या तिथून पुढं सरकल्या. बाहेर पाऊल टाकलं, थांबलं. आत, सुरू.

उंबऱ्याखाली अर्थिंगची तार असेल, त्याची बुद्धी म्हणाली, पाय पडला की हलते. तो उडी मारून बाहेर गेला, उंबऱ्याला न शिवता. थांबलं. उडी मारून आत. सुरू. चाळिशीला आलेला ढेरपोट्या माणूस उंबऱ्यावर लंगडी खेळावं तसा आत-बाहेर करत होता, आणि शेडातून उकंडा ते पाहत होता, आणि हसत नव्हता.

सगळं टाकून निघावं तर सोमवार गेला. सोमवार गेला तर वणी, आणि वणी म्हणजे तोंडावर मास्क. थांबावं तर मैत्रेयी तिकडे डोळ्यांनी दार शोधतेय. त्यानं कपाळ पुसलं, एक पाय बाहेर टाकला, आणि या वेळी तोंड आतल्या बाजूला ठेवून हळूहळू मागं सरकत बाहेर गेला, नक्की कोणत्या क्षणी थांबतं ते पाहायला.

पडदे काळे झाले. काळ्या काचेत दार दिसलं. दारात तो स्वतः, पिशवी घेतलेला. त्याच्या खांद्यामागं एक खांदा होता. त्या खांद्यामागं आणखी एक. काट्याच्या खोलीतून, शेडातून, काचेला जेवढं लांबवर दिसतं तेवढं. कोणी काही करत नव्हतं. फक्त प्रत्येकानं मान जराशी बाजूला काढली होती, पुढचा काहून सरकून नाही राह्यला, हे पाहायला काढतात तशी.

तो आत पडला. पंखे फिरले. मागं वळून पाहिलं तर काट्याची खोली, तिरपं ऊन, आणि दाराशी उकंडा.

"काका," प्रफुल्ल म्हणाला. "तुम्ही इथं उभे राहता काय थोडा वेळ? माझी पोरगी..."

"नाही जी." उकंडानं दोन्ही हात जोडले. त्याच्या तोंडावर थापेचा मागमूस नव्हता. "दुसरं काईही सांगा. थे नाही."

"मग काय करू?"

उकंडानं त्याच्या पायांकडे पाहिलं.

प्रफुल्लनं बूट काढले. काळे बूट, एकाची नाडी तुटली होती म्हणून मैत्रेयीनं आपल्या शाळेच्या बुटाची पांढरी नाडी ओवून दिली होती. त्यानं ते उंबऱ्याच्या कोपऱ्यात, धोंड्याच्या जागी, टाचा मागं आणि टोकं आत करून नीट जोडीनं ठेवले. मग डोळे मिटून बाहेर पाऊल टाकलं.

पंखे फिरत राहिले.

"कोणी हात लावू नका देऊ," तो म्हणाला.

"मी हावो ना," उकंडा म्हणाला.

वणीच्या गाडीत कंडक्टरनं त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "काहो, मंदिरातून गेले काय चोरीले?"

"नाही," प्रफुल्ल म्हणाला. "नंबर लावून आलो."

५

सोमवारी सहाही खिडक्या चालल्या. हार-तुरे झाले, घनश्यामजींनी पहिलं टोकन एका म्हाताऱ्याच्या हातात दिलं, टाळ्या पडल्या. उंबऱ्यावरच्या बुटांना अडखळून एक पाहुणे जरा रागावले, तर उकंडानं त्यांना सांगितलं की साहेब, हे यंत्राचं पायताण आहे, याच्यानं करंट जमिनीत जाते. पाहुण्यांनी मान डोलवली. प्रफुल्ल वणीतून नव्या सँडलींवर पहाटेच आला होता, नंबर एक पहिल्या खिडकीकडे वळवून पाट्या जुळवल्या होत्या, आणि ऑर्डर घेऊन गेला.

क्वार्टरला रंग देऊन व्हायला महिना लागला. मैत्रेयी तोवर बरी होत गेली, आणि कळंबला आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिनं धावायला सुरुवात केली. शीला मधूनच थांबून तिचा श्वास ऐकायची. ऐकायला काही नसायचं.

केंद्रावर कापूस येत होता, टोकनं सुटत होती. प्रफुल्ल रोज येता-जाता बुटांकडे न पाहता पाय उचलायचा. बुटांत रुईचे पुंजके साचत. ते तो काढत नसे. बुद्धी म्हणायची, एवढ्या कापसात साचणारच. बुद्धीला त्यानं बोलू दिलं. घरी शीलानं विचारलं होतं, ते काळे बूट कुठं गेले? केंद्रावर राह्यले, तो म्हणाला होता, आणि विषय बदलला होता.

एका दुपारी शीला डबा घेऊन केंद्रावर आली, बरोबर मैत्रेयी. शीला शेडात उकंडाशी बोलत थांबली. उकंडा तिला वाघाची बिडी सांगत होता. खिडक्यांपुढे पाच-सात माणसं होती. प्रफुल्ल सर्व्हरपाशी पाठ करून बसला होता.

"पप्पा, सापडले."

तो वळला. मैत्रेयी हॉलच्या मधोमध उभी होती. दोन्ही बूट छातीशी धरलेले, पांढरी नाडी लोंबत असलेली, फ्रॉकवर रुई. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तिथंच पडून होते. तुम्हाले दिसले कसे नाही?"

प्रफुल्ल उठला. खुर्ची मागं पडली. "ठेव," तो म्हणाला. "बेटा, होते तिथं ठेव. तसेच ठेव."

काहीच झालं नव्हतं. पंखे फिरत होते, टोकन छापलं जात होतं. मैत्रेयी हिरमुसली, पण गेली, आणि कोपऱ्यात बूट ठेवून दिले. त्यानं स्वतः वाकून ते सरळ केले. टाचा मागं, टोकं आत.

शेडातून शीलानं हाक दिली. "मैत्रेयी, चल, पप्पाले काम करू दे."

मैत्रेयीनं उंबरा ओलांडला.

पंखे थांबले. सहा पडदे काळे झाले. "घ्या, गेली लाइट," खिडकीपाशी कोणीतरी म्हणालं. शेडात उकंडाची गोष्ट मध्येच तुटली.

मैत्रेयीनं मागं पाहिलं, आणि आत पाय ठेवला. पंखे फिरले. ती आपल्या पायाकडे पाहू लागली. एक पाय बाहेर. थांबलं. आत. सुरू. तिला गंमत वाटली. ती हसली, स्वच्छ, पूर्ण श्वास भरून, आणि लंगडी घालत बाहेर गेली, आत आली, बाहेर गेली.

"पप्पा, पाहा ना, मी लाइट घालवते."

हात तिनं लावला होता, आणि धोंड्याचा मालक अजून आला नव्हता. प्रफुल्लनं काळ्या काचांकडे पाहिलं नाही. मैत्रेयी पाहत होती. हसता हसता तिनं मान जराशी बाजूला काढली, आणि मग मागं वळून त्या रिकाम्या काट्याच्या खोलीला म्हणाली,

"थांबा ना जी. ढकलू नका."